परीक्षा होईपर्यंत तरी

फेब्रुवारी कलायला लागला की आमच्या जिन्याखाली, विजेच्या मीटरांशेजारच्या फळ्यावर खडूने एक ओळ उमटते : ‘मुलांच्या परीक्षा आहेत. सर्वांनी सहकार्य करावे.’ खाली सेक्रेटरींची लफ्फेदार सही. ओळ दरवर्षी तीच. खाडीवरून येणारा वारा तोच, जिभेला खारट लागणारा. मिठागरांत मिठाचे पांढरे ढीग उभे राहिलेले असतात, केबिन रोडवर रसाच्या चरकाचे घुंगरू वाजायला लागलेले असतात आणि झेरॉक्सच्या दुकानांपुढे पोरांची झुंबड असते. संध्याकाळी गच्चीवर पोरं पुस्तक धरून फेऱ्या मारतात. ओठ हलतात, आवाज येत नाही. टीव्ही बारीक, भांडणं बारीक, कुकरची शिट्टीसुद्धा कुणी तरी धावत जाऊन दाबतं.

लोकांना हे दिवस आंब्याच्या मोहोराचे वाटतात. मला ते तोंडावर हात दाबल्यासारखे वाटतात. आणि ‘सहकार्य करावे’ या शब्दांचा अर्थ मला कुणी शिकवू नये. मी सभा पाहिल्यात, निवेदनं दिलीत, अधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर तासन्‌तास बसलेय. सहकार्य म्हणजे, तुम्ही गप्प बसा.

मी पत्रकं लिहिते. पाण्यासाठी, रेशनसाठी, रस्त्यावरच्या दिव्यासाठी. वाक्य छोटं हवं, मागणी एक हवी, आणि कुणाविरुद्ध ते पहिल्या तीन ओळींत कळलं पाहिजे, असं संघटनेत माझ्या हातावर मारून मारून शिकवलंय मला. आईबद्दल लिहायला बसले की पहिल्या दोन अटी जमतात. तिसरी जमत नाही. म्हणून हे पत्रक नाही.

आम्ही नायगावच्या चाळीतून मीरा रोडला आलो तेव्हा मी शाळेत होते. आधी पेणकरपाड्यात बैठ्या खोलीत राहिलो. एक नळ आणि त्याच्यापुढे साऱ्या गल्लीचे हंडे. पाणी कधी येईल ते पाण्यालाच ठाऊक. बायकांनी पाळ्या लावलेल्या. जिची पाळी, तिनं नळाजवळ बसायचं; आणि नळ फुसफुसायला लागला की आपला हंडा लावायच्या आधी गल्लीतलं शेवटचं दार वाजवून यायचं. हा नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडला तर पुढचे आठ दिवस कुणी बोलत नसे. आई पाळी नसतानाही उठायची. पदर खोचून, तळहातानं पत्र्याची दारं थापटत जायची, “उठा गं, पाणी आलं! सुमन, ऊठ! काकू, पाणी!” आणि परत येईपर्यंत धार बारीक झालेली असायची. आमचा हंडा बऱ्याचदा अर्धाच. बाबा चिडायचे, “गावाला पाणी पाज तू. घरात पोरगी तोंड कशानं धुणार?” आई म्हणायची, “थुंकी लावून.” आणि हसायची.

पुढं आम्ही या बिल्डिंगमध्ये आलो. चार मजले, सोसायटी, खाली टाकी, वर टाकी, मधे मोटर. पाणी इथंही मापातच, पण ते पाइपातून येतं, त्यामुळं कुणाला कुणाची गरज नाही. बाबा गोदीतून निवृत्त झाले. आणि आई हळूहळू हरवायला लागली.

सुरुवातीचं सगळे सांगतात तेच. आमटीत दोनदा मीठ, गॅस चालू, ‘माझी पाटली तूच घेतलीस’ म्हणून माझ्यावर आळ. शेजारी म्हणाले म्हातारचळ. साठीसुद्धा झाली नव्हती हो तिची! मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नाव कळलं, स्मृतिभ्रंश. नाव कळलं म्हणजे काही कळलं असं नाही. “हे वाढत जाणार,” म्हणाले. वाढत जाताना घरच्यांनी काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही.

मग संध्याकाळच्या फेऱ्या सुरू झाल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतलं ऊन तांबूस झालं की आई उठायची. आधी चुळबुळ, मग पदर खोचायची, मग दाराबाहेर. आणि जिन्यात तिच्या तळहाताचा आवाज, “उठा गं, पाणी आलं!”

पहिल्या दिवशी सगळ्यांनी खरं मानलं. मीरा रोडला पाणी आलं म्हटल्यावर कोण विचारत बसतं? बादल्या, टब, पातेली घेऊन चारी मजले जिन्यात. सेक्रेटरी सावंतकाका टॉवेलवरच खाली धावले आणि मोटर चालू केली. टाकीत टिपूस नव्हता. मोटर कोरडी फिरून जळता जळता राहिली. सावंतकाका टॉवेल सावरत वर आले, “वहिनी, चेष्टा करता काय?” आई त्यांना म्हणाली, “तुम्ही नका येऊ, बाईला पाठवा. पुरुष रांगेत घुसतात.” त्या दिवशी सगळे हसले.

रोज कोण हसेल? बाबा तिला समजावायचे. “अगं, इथं नळ नाही. टाकी आहे. ते पेणकरपाड्यात होतं.” ती त्यांच्याकडे बघायची, जसं एखाद्या खोटारड्याकडे बघतात. मीसुद्धा वाद घातले. वाद घालणं हाच माझा धंदा. मुद्दे मांडून माणूस पटतो, यावर माझा विश्वास. आणि समोर आई, जिच्या डोक्यातून मुद्दा टिकवून धरणारी जागाच झिजत चाललेली. पटत काही नसे, आवाज मात्र चढे. मग बाबांनी बाहेरून कडी घालायला सुरुवात केली. तर ती आतून दार थापटे. तळहात लाल होऊन सुजेपर्यंत. सांगणारी ती, आणि तिच्या लेखी दाराच्या पलीकडे साऱ्या बायका झोपलेल्या, धार चाललेली. काय वाटत असेल तिला? मी त्या दिवसांत तिच्या हातांना खोबरेल लावायचे. हात तापलेले असायचे.

उपाय सापडला तो अपघातानं. समोरच्या हंसाबेन एकदा तुळशीला पाणी घालायला लोटा घेऊन दारात आल्या आणि आई तिथं जाऊन धडकली. “पाणी आलं!” हंसाबेन घाबरून गुजरातीत म्हणाल्या, “हां हां, आवी. आवी बस.” आले, आले. आईनं लोट्याकडे पाहिलं. “एवढ्यात काय होतंय तुझं? मोठं भांडं आण,” असं म्हणाली आणि पुढच्या दाराला गेली. पुन्हा हंसाबेनच्या दाराकडे वळली नाही. मी जिन्यात उभी राहून बघत होते. माझ्या डोक्यात लख्ख झालं. तिला पाणी नको होतं. दार उघडायला हवं होतं, आणि हातात भांडं दिसायला हवं होतं. काम पुरं झालं की बाई थांबत होती.

मग मी मला येतं ते केलं. पत्रक काढलं. पिवळ्या कागदावर, दारोदार, फटीतून. ‘आमची आई संध्याकाळी आपले दार वाजवेल. दार उघडा. हातात कुठलेही भांडे धरा. “आले हं” म्हणा. वाद घालू नका. ती लगेच पुढे जाईल.’

सावंतकाकांनी जिन्यात गाठलं. “काय गं मनीषा, यात घोषणा कुठाय? मोर्चा कधी काढतेयस?”

“मोर्चा रोज संध्याकाळी तुमच्या दारावर येणारच आहे, काका. निवेदन स्वीकारायला भांडं घेऊन उभे राहा.”

आणि ते उभे राहिले! दाढीचा मग घेऊन, लाजत, “आलो हं वहिनी” म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजच्या पोरी कुकरचं झाकण धरायच्या. कुणी कुंडी, कुणी फुलदाणी. आई प्रत्येकाचं भांडं तपासायची. “घासलंय का नीट?” शेवटचं दार झालं की जिन्याचा कठडा धरत खाली यायची, आमच्या पलंगावर टेकायची आणि म्हणायची, “झालं बाई सगळ्यांचं.” मग चहा. तिच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला मी समाधानच म्हणेन. गणपतीपासून संक्रांतीपर्यंत आमच्या बिल्डिंगनं एका आजारी बाईला औषधाशिवाय सांभाळलं. याला पैसा लागला नाही, इस्पितळ लागलं नाही. एक दार उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ लागला. मला त्या महिन्यांची आठवण कुणी काढली तरी राग येतो; कारण शक्य होतं. शक्य नसतं तर मी गप्प बसले असते.

मग फळ्यावर ती ओळ आली.

दारं एकेक करून बंद झाली. सावंतकाकांचा मुलगा दहावीला, हंसाबेनची मुलगी दहावीला, वर एक बारावीचा. दारावर आतून उशा लावल्यासारखी शांतता. आणि नेमकं त्याच दिवसांत आईचं बिघडलं. संध्याकाळचं दुपारी व्हायला लागलं. एकदा फेरी झाली तरी पुन्हा निघायची, पुन्हा पुन्हा. बसलेली असली तर उठायची, मोरीत जायची, लगेच बाहेर यायची. ओटीपोटावर हात दाबून धरायची, लुगडं ओढायची. बाबांनी हात धरला तर ओरबाडायची. एकदा झारा मारला, त्यांच्या गालफडावर. आम्ही म्हटलं, आजार वाढला. वाढत जाणार म्हणालेच होते ना.

सावंतकाकांच्या हॉलमध्ये बैठक झाली. चहा, मारी बिस्किटं, आतल्या खोलीचं दार लोटलेलं कारण आत मुलगा अभ्यासाला.

“मनीषा, आम्ही काय राक्षस नाही,” सावंतकाका म्हणाले. “इतके महिने मी मग घेऊन उभा राहिलोच ना? पण पोराचं वर्ष आहे गं.”

हंसाबेनचे डोळे भरलेले. “मेरी बेटी रोती है, बेटा. मैथ्स का टेन्शन उसको. मैं खोलती हूँ ना दरवाजा, पर भाभी अभी एक बार में नहीं मानती. आके, जाके, फिर आती है.”

मी भाषण दिलं. चांगलं झालं असणार, कारण सगळे खाली बघत होते. या बाईनं आयुष्यभर आधी दुसऱ्याचं दार वाजवलं आणि मग आपला हंडा लावला, वगैरे.

“ते पेणकरपाड्यात,” सावंतकाका हळूच म्हणाले. “इथं सोसायटी आहे.” मग बाबांकडे वळून, “नाक्यावरचे डॉक्टर देतात काहीतरी. माझ्या सासूबाईंना दिलं होतं. शांत पडून असायच्या. कायमचं नाही म्हणत मी. परीक्षा होईपर्यंत तरी.”

बाबा सबंध बैठकीत गालावरच्या खुणेवर बोट फिरवत बसले होते. म्हणाले, “देतो.”

घरी येऊन मी तडकले. “बाबा, जिवंत बाईला गुंगीत ठेवायचं? लोकांच्या गणितासाठी?”

“मने, संध्याकाळी तू कुठं असतेस?”

“मीटिंगला.”

“मग मीटिंगलाच जा. इथं मी असतो. ती मोरीत जाते, मी मागं जातो. ती मारते, मी खातो. ती झोपत नाही, मी झोपत नाही. मी कुणाच्या फटीतून पत्रक सरकवू, सांग.”

पण बाबांना ‘देतो’ म्हणायला जिनं लावलं त्या सगळ्या व्यवस्थेला माझा प्रश्न आहेच. सांभाळणारा एकटा, तोही म्हातारा, आणि त्याला विचारणारं कुणी नाही, ‘बाबा रे, तू जेवलास का?’ त्याला मिळतं काय, तर गोळी. तीही त्याच्यासाठी नाही.

नाक्यावरच्या दवाखान्यात सर्दी-तापाची गर्दी. डॉक्टरांनी विचारलं, “त्रास काय?” बाबा म्हणाले, “दारं वाजवते. मारते.” “झोप?” “नाही.” कागदावर दोन ओळी. आई समोरच्या स्टुलावर बसली होती, ओटीपोटावर हात दाबून, ओठ घट्ट मिटून. टेबलाच्या पलीकडून तिच्याकडे एक हात आला नाही. त्रास काय, हे तिला कुणी विचारलं नाही. तिनं दिलेला त्रास तेवढा लिहून घेतला. ती सांगू शकत नव्हती हे मान्य. पण हात सांगत होता ना!

गोळी लागू पडली. फारच. पहिले काही दिवस ती पेंगत राहिली, बाबांनाही झोप मिळाली, मला वाटलं, असो. मग तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली. हात कोपरात वाकवायला जावं तर लाकडासारखा. चालताना पाय जमिनीला चिकटलेले. ऊन तांबूस व्हायचं, खिडकीतून तिच्या मांडीवर यायचं आणि निघून जायचं. ती बघायचीसुद्धा नाही. बिल्डिंग इतकी शांत की गच्चीवरच्या पोरांच्या चपलांचा आवाज खाली यायचा. बाबा माझी नजर चुकवत म्हणायचे, “थोडे दिवस. परीक्षा संपली की बंद करू.”

पहिल्या पेपरच्या सकाळी मुलं मोठ्यांच्या पाया पडायला निघतात. हंसाबेनची मुलगी आमच्याकडे आली. नवी कंपासपेटी, कपाळावर कुंकू, हातावर दही-साखरेचा चिकटा. वाकून आईच्या पायांना हात लावला. आईचा हात मी उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. जड होता.

पेपर संपत आले आणि आईला ताप भरला. हुडहुडी, मग शुद्धच हरपली. रिक्षातून इस्पितळात. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती, माझ्याच वयाची असेल. तिनं काही विचारायच्या आधी आईचं पोट दाबून पाहिलं. आई कण्हली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला.

“यांची लघवी तपासली होती का? मध्यंतरी वागणं एकदम बिघडलं होतं?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, दारं, मोरी, झारा, सगळं.

“लघवीचा जुना जंतुसंसर्ग आहे,” तपासणीचा कागद आल्यावर ती म्हणाली. “कितीतरी दिवसांचा. यांना दुखतंय हे सांगता येत नाही, मग त्या उठतात, मारतात, ओरडतात. असं एकदम बिघडलं की आधी शरीर बघायचं. लघवी, पोट साफ होतंय का, दात दुखतोय का, पाणी पितायत का. साध्या गोळ्यांनी बरं झालं असतं.” मग गुंगीच्या गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “ही आजच बंद.”

“परत चालेल ना ती? आधीसारखी?” बाबांनी विचारलं.

“काही जण येतात परत,” ती म्हणाली. “बघू.” मग विचारलं, “घरी पाणी किती पितात या?”

किती पितात! आमच्या घरात पाणी पिण्याचंसुद्धा रेशन होतं, ते तिनंच लावलेलं. आजारी पडल्यावरही ती पेला अर्धाच घ्यायची आणि उरलेला माठात ओतायला जायची. आम्ही कौतुक करायचो. बघा, सगळं विसरली पण हे नाही विसरली. संध्याकाळच्या फेऱ्या, भांडी, सगळं आमच्या ध्यानात. पण ती स्वतः दिवसभरात किती घोट घेते, हे चार मजल्यांत कुणी मोजलं नाही.

इस्पितळाच्या बाहेर पायरीवर बसून मी डोक्यात पत्रक लिहायला घेतलं. विरुद्ध कुणाच्या? पाणी न देणाऱ्यांच्या? नाक्यावरच्या डॉक्टरच्या? सावंतकाकांच्या, ज्यांनी इतके महिने मग धरला? बाबांच्या? एका दहावीच्या पोरीच्या गणिताच्या? तीन ओळींत कुणीच मावेना. संताप मात्र सगळ्यांना पुरून उरेल एवढा होता, अजून आहे. या शहरात दर बिल्डिंगमध्ये एखादं दार बाहेरून कडी लावलेलं असतं. आत कुणीतरी ‘त्रास देतंय’. त्याला काय होतंय हे विचारायला कुणाला सवड नाही, कारण कुणाची ना कुणाची परीक्षा चालूच असते.

ताप उतरला. आई घरी आली. गोळी बंद झाली, हात थोडे सैल झाले. पण ती उठली नाही. बाबा संध्याकाळी मुद्दाम दार उघडं टाकायचे. तिचा पदर स्वतः खोचून द्यायचे. “चल गं, पाणी आलं. सुमनला उठवायचंय ना?” ती भिंतीकडे बघत राहायची. काही जण येतात परत. ती आली नाही. त्यानंतरही आई बरीच जगली. जगली म्हणजे होती.

जूनमध्ये निकाल लागले. गेटबाहेर मिठाईचे खोके, जिन्यात पळापळ. हंसाबेन मुलीला घेऊन आल्या, खोका उघडत. मुलीला गणितात छान मार्क पडले होते. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली, मी हात मिळवला. त्या पोरीवर कसला राग? हंसाबेन आईजवळ बसल्या. तिचे केस कानामागे सारले. त्यांच्या हातात माया होती, ती खोटी नव्हती, म्हणून तर पुढचं वाक्य मी अजून गिळू शकलेले नाही.

“कितनी शांत हो गई हैं भाभी अब,” त्या म्हणाल्या. “अच्छा हुआ ना? आपको भी आराम.”

आणि एक पेढा त्यांनी आईच्या तोंडात भरवला. आईनं ओठ मिटले. हंसाबेननी समाधानानं तिचा गाल थोपटला, खोका आमच्या टेबलावर ठेवला, आणि दुसरा खोका घेऊन दोघी वरच्या मजल्यावर पेढे वाटायला गेल्या.

बाबा आईसमोर उकिडवे बसले. “गिळ गं,” ते म्हणाले. “चाव आणि गिळ.” स्वतः तोंड हलवून दाखवलं, लहान मुलाला दाखवतात तसं. चमच्यानं पाणी लावलं, ते हनुवटीवरून ओघळलं. बरीच वाट पाहून त्यांनी बोट घातलं आणि पेढा बाहेर काढला. जवळजवळ अख्खा होता, हंसाबेनच्या बोटांचा दाब त्याच्यावर तसाच.

मी केराच्या सुपलीकडे वळले. बाबांनी मान हलवली. “टाकू नको,” म्हणाले. “पोरगी पास झालीय.”

आणि तो पेढा त्यांनी स्वतःच्या तोंडात घातला, आणि तिच्याकडे बघत हळूहळू चावून खाल्ला.